पंचवीस वर्षे न विचारलेला प्रश्न

गुन्हेपट पाहताना प्रेक्षकाच्या मनात एकच प्रश्न ठाण मांडून बसलेला असतो, तो म्हणजे खून कोणी केला. क्लिंट ईस्टवुड यांनी दिग्दर्शित केलेल्या 'मिस्टिक रिव्हर' या २००३ सालच्या चित्रपटातही एका तरुण मुलीचा खून होतो, पोलीस रीतसर तपास करतात, पुरावे जमतात आणि शेवटी गुन्हेगार सापडतातही. तरीही, खुनी कोण हे आधीपासून ठाऊक असताना हा चित्रपट पुन्हा पाहिला, तर त्याची धग तसूभरही कमी होत नाही. माझ्या बाबतीत ती प्रत्येक वेळी वाढतच गेली आहे. याचे कारण मला असे वाटते की या कथेचा खरा प्रश्न वेगळाच आहे. तीन लंगोटीयारांपैकी एकावर अकराव्या वर्षी भयंकर प्रसंग ओढवतो आणि त्यानंतर तब्बल २५ वर्षे उरलेल्या दोघांपैकी कोणीही त्याला 'तुझ्यावर काय गुजरले?' असे विचारत नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत शेवटी कोण मोजतो, याची ही कथा आहे. तिच्याविषयी लिहायचे तर शेवटापर्यंतचे सगळे सांगावे लागेल, कारण तो शेवट बाजूला ठेवून या चित्रपटाबद्दल बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही.

सुरुवात १९७५ सालच्या बॉस्टनमध्ये होते. कष्टकऱ्यांची, आयरिश-कॅथलिक वळणाची वस्ती, लाकडी घरांच्या रांगा, आणि रस्त्यावर हॉकी खेळणारी तीन मुले: जिमी, शॉन आणि डेव्ह. चेंडू गटारात जातो, खेळ थांबतो, आणि रिकामपणाचा उद्योग म्हणून ही मुले फुटपाथवरच्या ताज्या, ओल्या सिमेंटमध्ये काडीने आपापली नावे कोरू लागतात. जिमीचे नाव होते, शॉनचे होते, डेव्हची पहिली दोन अक्षरे होतात आणि तेवढ्यात एक गाडी येऊन थांबते. उतरलेल्या माणसाच्या कमरेला बेड्या लटकत आहेत. तो दरडावतो, सार्वजनिक मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल मुलांना फैलावर घेतो आणि प्रत्येकाला तू कुठे राहतोस असे विचारतो. शॉन आणि जिमी यांची घरे तिथेच, हाकेच्या अंतरावर आहेत. डेव्हचे घर जरा लांब आहे. एवढ्याच कारणावरून निवड होते. आईकडे नेऊन तक्रार करतो, असे सांगून डेव्हला मागच्या सीटवर बसवले जाते, आणि पुढे बसलेला दुसरा माणूस मागे वळून त्याच्याकडे पाहतो, तेव्हा त्याच्या बोटातली क्रूस कोरलेली अंगठी कॅमेरा आपल्याला क्षणभर दाखवतो. गाडी निघते. मागच्या काचेतून डेव्ह मित्रांकडे पाहत राहतो आणि मित्र त्याच्याकडे. तळघरात कोंडून ठेवलेला हा मुलगा चार दिवसांनी निसटून परत येतो.

त्या अंगठीवर ईस्टवुड रेंगाळत नाहीत, पण चित्रपट प्रदर्शित झाला त्या वर्षी बॉस्टनमधल्या प्रेक्षकाला तिचा अर्थ सांगावा लागला नसेल. जानेवारी २००२पासून 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाच्या 'स्पॉटलाइट' या शोधपथकाने शहरातल्या कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार आणि ते वर्षानुवर्षे दडपून ठेवणाऱ्या वरिष्ठांची कृत्ये एकामागून एक उजेडात आणली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना बॉस्टनच्या आर्चबिशपपदावरून पायउतार व्हावे लागले, आणि २००३ साली त्या वार्तांकनाला लोकसेवेसाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. चित्रपटाचे चित्रीकरण बॉस्टनमध्येच झाले, तेही शहर या धक्क्यातून जात असताना. मूळ कादंबरी मात्र त्या बातम्यांच्या आधीची, २००१ सालची. तिचे लेखक डेनिस लेहेन बॉस्टनच्याच डॉर्चेस्टर भागात वाढले आणि पूर्णवेळ लेखक होण्याआधी त्यांनी अत्याचारपीडित मुलांचे समुपदेशक म्हणून काम केले होते. डेव्हचे पात्र इतके खरे का वाटते, याचे उत्तर मला त्या कामात दिसते. पीडित मूल मोठे झाले की ते सदा रडवेले आणि बिचारे दिसेल, ही आपली भाबडी अपेक्षा असते. लेहेन यांना ती नव्हती, आणि ब्रायन हेल्गलँड यांनी लिहिलेल्या पटकथेतही ती शिरलेली नाही.

२५ वर्षांनंतर तिघेही त्याच शहरात आहेत. जिमी मार्कम तुरुंगवास भोगून आलेला, आता कोपऱ्यावरचे दुकान चालवणारा आणि वस्तीत दरारा असलेला माणूस आहे. शॉन डिव्हाइन राज्य पोलिसांत गुप्तहेर आहे. त्याची गरोदर बायको घर सोडून गेली आहे आणि ती अधूनमधून फोन करते, पण एक शब्दही बोलत नाही. डेव्ह बॉइल हाताला मिळेल ते काम करतो, त्याला सेलेस्ट नावाची बायको आणि मायकेल नावाचा मुलगा आहे. जिमी आणि डेव्ह यांच्या बायका एकमेकींच्या चुलतबहिणी असल्यामुळे त्यांचे अधूनमधून येणेजाणे आहे, पण मैत्री म्हणावी असे त्यात काही उरलेले नाही. त्यांचे भांडण झाले नव्हते, कोणी कोणाचा विश्वासघात केला नव्हता, पैशांवरून किंवा पोरीबाळींवरून वितुष्ट आले नव्हते. डेव्ह परत आला त्या दिवशीच ही मैत्री संपली, कारण त्याचा चेहरा समोर आला की उरलेल्या दोघांना ती गाडी आठवायची, आणि गाडी आठवली की आपण तिच्यात नव्हतो याचे हायसे वाटायचे. हायसे वाटण्याची लाज फार चिवट असते. ज्याच्यामुळे ती वाटते त्याला टाळणे हा तिच्यावरचा सर्वांत सोपा उपाय, आणि दोघांनी तोच केला.

मग जिमीच्या थोरल्या मुलीचा, १९ वर्षांच्या केटीचा खून होतो. तिची रक्ताने माखलेली गाडी सापडते, तेव्हा जिमी धाकट्या मुलीच्या प्रथम प्रसादविधीसाठी चर्चमध्ये आहे. पुढचा प्रसंग बहुतेकांना लक्षात राहतो. पोलिसांचे कडे, त्याच्या पलीकडे उद्यानातला जुना, ओसाड झालेला अस्वलांचा पिंजरा, आणि त्यात पडलेला मृतदेह. जिमी कडे तोडून आत घुसू पाहतो आणि डझनभर पोलीस त्याला अक्षरशः मिठी मारून थोपवून धरतात. 'आत माझी मुलगी आहे का?' एवढा एकच प्रश्न तो शॉनला ओरडून विचारत राहतो. शॉन उत्तर देत नाही, आणि तेच उत्तर असते. कॅमेरा वर जातो आणि निळ्या गणवेशांच्या त्या वेटोळ्यात अडकलेला एक माणूस वरून दिसतो. जिमीची भूमिका करणाऱ्या शॉन पेनच्या अभिनयाविषयी बोलताना लोक याच आक्रोशाचा दाखला देतात, आणि तो त्या योग्यतेचा आहेही.

मला मात्र त्यानंतरचा, घराच्या पडवीतला प्रसंग मोठा वाटतो. आत नातेवाइकांची वर्दळ, जेवणाची ताटे, सांत्वनाचे तेच तेच शब्द. बाहेर जिमी एकटा बसलेला. डेव्ह सिगारेट ओढायला बाहेर येतो आणि त्याच्याजवळ बसतो. जिमी हळूहळू बोलू लागतो: मुलीसाठी रडणेसुद्धा मला जमत नाही, स्वतःच्या पोरीसाठी डोळ्यांतून पाणी येत नाही. डेव्ह त्याच्याकडे पाहून शांतपणे म्हणतो की जिमी, तू आत्ता रडतो आहेस. आणि खरोखरच त्याच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या असतात. सबंध चित्रपटात दोन मित्र एकमेकांजवळ बसून खरे बोलतात तो हा एकच क्षण. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे दुःख ओळखण्याची जाण त्या घरात फक्त डेव्हकडे आहे, कारण त्या वाटेवरचा तो जुना प्रवासी आहे. २५ वर्षांपूर्वी कोणीतरी त्याच्याजवळ असे बसायला हवे होते. कथेचा क्रूरपणा असा की याच डेव्हच्या हाताला त्या वेळी जखम आहे आणि ती कशी झाली हे तो प्रत्येकाला वेगवेगळे सांगत आला आहे.

केटी मारली गेली त्याच रात्री डेव्ह पहाटे रक्ताने माखून घरी आलेला असतो. एका लुटारूने अंगावर चाल केली, मी त्याला बेदम मारले, कदाचित तो मेला असेल, असे तो सेलेस्टला सांगतो. ती त्याचे कपडे धुते, रक्ताचे डाग पुसते आणि दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रे चाळू लागते. लुटीच्या प्रयत्नाची किंवा मेलेल्या लुटारूची बातमी कुठेच येत नाही. केटीच्या खुनाची मात्र येते. सेलेस्टच्या मनात पाल चुकचुकते. मार्शा गे हार्डनने ही बाई ज्या रीतीने उभी केली आहे, ती पाहताना जीव गुदमरतो. संशय म्हणजे एकदम पडणारी वीज असते, असे आपल्याला चित्रपटांनी शिकवलेले आहे. इथे तो थेंबाथेंबाने साचत जातो आणि एके दिवशी ज्या माणसाच्या शेजारी आपण झोपतो त्याच्याकडे पाहण्याचे धैर्यच उरत नाही.

डेव्हही तिला मदत करत नाही. अंधारात टीव्हीवर रक्तपिशाच्चांचा चित्रपट पाहत बसलेला हा माणूस बायकोला लांडग्यांच्या आणि पिशाच्चांच्या गोष्टी सांगू लागतो. एकदा ते अंगात शिरले की अंगातच राहते, असे काहीसे म्हणतो. टिम रॉबिन्स हा चांगला सहा फुटांहून उंच नट, पण या भूमिकेत त्याने खांदे असे पाडले आहेत आणि मान अशी आत ओढली आहे की त्या मोठ्या देहात अकरा वर्षांचे पोर दडी मारून बसले आहे, अशी खात्री पटते. त्याच्या बोलण्याचा अर्थ आपल्याला, ज्यांनी ती गाडी पाहिली आहे त्यांना, लागायला हवा. सेलेस्टला तो लागत नाही, कारण तिला यातले काहीच नीट सांगितले गेलेले नाही. तिला ऐकू येते ते एका खुन्याचे भरकटलेले बोलणे.

इथे या चित्रपटाने गुन्हेपटाचा साचा हाती धरून जे साधले आहे ते मला फार मोलाचे वाटते. डेव्हविरुद्धचा एकेक पुरावा पाहा: रक्त, जखम, बदलत जाणाऱ्या हकिकती, नजर चुकवणे, रात्री भटकणे, विक्षिप्त बोलणे. यातल्या प्रत्येक गोष्टीचे मूळ त्याच्यावर झालेल्या अत्याचारात आहे. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्या अंगावर त्या गुन्ह्याने जे वण ठेवले, तेच वण पुढे तो गुन्हेगार असल्याची खूण म्हणून वाचले जातात. शॉनचा सहकारी, लॉरेन्स फिशबर्नने रंगवलेला व्हायटी पॉवर्स, याला लहानपणच्या त्या प्रकाराचा पत्ता लागतो, तेव्हा त्याचा संशय उलट अधिक घट्ट होतो. आणि प्रेक्षक म्हणून आपण काही वरच्या पायरीवर उभे नसतो. डेव्हने केटीला मारले असेल, ही शंका चित्रपट आपल्या मनात नीट पेरतो आणि वाढू देतो. सुरुवातीलाच त्याला मागच्या काचेतून जाताना पाहिले असूनही आपण ती बाळगतो.

मग खरे काय घडले होते? त्या रात्री डेव्हने एका गाडीत एका मुलाचा गैरफायदा घेणाऱ्या माणसाला पाहिले आणि त्याला मारून टाकले. लुटारूची गोष्ट खोटी, पण रक्त कोणा दुसऱ्याचे, हे खरे. तो हे सांगू शकत नाही. कारण ते सांगायचे तर मला इतका संताप का आला हे सांगावे लागणार, आणि ते सांगायचे तर तळघरातले चार दिवस सांगावे लागणार. एका सत्याच्या पोटात दुसरे सत्य अडकले आहे आणि त्या दुसऱ्या सत्याविषयी वस्तीने २५ वर्षे अवाक्षर काढलेले नाही. ज्याला कधी विचारलेच गेले नाही, त्याच्याकडे सांगण्यासाठी शब्द कुठून असणार?

जिमीला तो प्रसंग आठवत नव्हता असे नाही. तपासासाठी आलेल्या शॉनसमोर तो एक लांबलचक विचार बोलून दाखवतो. त्या दिवशी डेव्हऐवजी मी त्या गाडीत बसलो असतो तर? तर मी खचून गेलो असतो, केटीच्या आईसारख्या मुलीशी बोलायला जाण्याची हिंमत माझ्यात कधीच आली नसती, मग केटी जन्मालाच आली नसती आणि तिचा खूनही झाला नसता. हे बोलणे दुःखात भरकटलेल्या बापाचे आहे, तरी त्यातली बांधणी पाहिली की हा माणूस ही साखळी आयुष्यभर मनात घोळवत आला आहे हे कळते. डेव्हचे काय झाले हे त्याला पक्के ठाऊक आहे. तो खचला आहे, हेही त्याने हेरले आहे. पण हे तो पोलिसांना सांगतो, डेव्हला नाही. आणि त्या सगळ्या विचारात डेव्ह हा केवळ आपल्या आयुष्याचे मोजमाप करण्यापुरता येतो.

या चित्रपटात मूग गिळून बसलेली माणसे किती आहेत, हे मोजू लागलो तर कोणीच सुटत नाही. डेव्ह बोलत नाही. शॉनची बायको फोन करते आणि बोलत नाही. पडद्यावर फक्त तिचे ओठ दिसतात. केटी आणि तिचा प्रियकर ब्रेंडन हॅरिस गुपचूप लास व्हेगासला पळून जाण्याच्या बेतात होते, ते कोणालाच माहीत नसते. ब्रेंडनचा धाकटा भाऊ रे तर मुकाच आहे, किंवा सगळे तसे समजतात. ब्रेंडनचा बाप, ज्याला 'जस्ट रे' म्हणत, वर्षांपूर्वी परागंदा झाला असे घरच्यांना वाटते. खरे म्हणजे त्याने पोलिसांना खबर दिल्यामुळे जिमी तुरुंगात गेला आणि सुटून आल्यावर जिमीने त्याला मिस्टिक नदीच्या काठी मारून पाण्यात ढकलून दिले. त्या घराला दर महिन्याला ५०० डॉलर येतात. पाठवणारा जिमी असतो. गप्प राहण्याचे हे असे भक्कम जाळे ज्या वस्तीत विणलेले आहे, तिथे सत्य बाहेर येते ते एका ध्वनिफितीतून. खुनाच्या रात्री दोन मुलांनी पोलिसांच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून रक्ताळलेल्या गाडीची खबर दिली होती. शॉन ते ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकतो आणि त्याच्या ध्यानात येते की फोनवरच्या मुलाने गाडीतल्या व्यक्तीचा उल्लेख स्त्रीलिंगी केला आहे. गाडीत स्त्री होती हे तोवर कोणालाही कळलेले नसताना. एका अजाण तोंडातून निसटलेला शब्द तपासाची गाठ सोडवतो. खून मुक्या रेने आणि त्याच्या मित्राने केलेला असतो, आणि तोही 'जस्ट रे'ने मागे ठेवलेल्या, एका जुन्या दारूच्या दुकानावरच्या दरोड्यात वापरल्या गेलेल्या पिस्तुलाने.

पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. सेलेस्टने आपला संशय जिमीच्या कानावर घातला आहे, आणि जिमीचे सोबती डेव्हला दारू पाजून नदीकाठच्या अंधारात घेऊन गेले आहेत. ईस्टवुड हे दोन प्रसंग आळीपाळीने दाखवतात: तिकडे ब्रेंडन भावाला मारत त्याला बोलायला लावतो आहे, इकडे जिमी डेव्हकडून कबुली वदवून घेतो आहे. डेव्ह सुरुवातीला सत्य सांगतो. आपण कोणाला मारले आणि का, हे आयुष्यात पहिल्यांदा तो कोणापुढे तरी उघड करतो, आणि ते ऐकणारा नेमका तोच मित्र असतो जो त्या दिवशी फुटपाथवर उभा होता. जिमीचा त्यावर विश्वास बसत नाही. त्याने ऐकण्याआधीच निकाल दिलेला आहे आणि आता त्याला फक्त सहीशिक्का हवा आहे. कबूल कर, म्हणजे जिवंत सोडतो, असे तो म्हणतो. डेव्ह जगण्याच्या आशेने खोटी कबुली देतो, आणि त्या खोट्या कबुलीच्याच आधारावर मारला जातो. खरे बोलला तेव्हा कोणी ऐकले नाही. खोटे बोलला ते लगेच ग्राह्य धरले गेले. बळजबरीने काढलेल्या कबुलीला जगभरची न्यायालये का मानत नाहीत, याचे याहून प्रत्ययकारी चित्रण माझ्या पाहण्यात नाही.

हा प्रसंग ज्या दिग्दर्शकाने चित्रित केला तो कोण आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. १९७१ सालच्या 'डर्टी हॅरी'पासून ईस्टवुड हे नाव कायद्याची वाट न पाहता स्वतःच न्याय करणाऱ्या माणसाशी जोडले गेले. १९९२ साली 'अनफरगिव्हन'मध्ये त्यांनी त्याच प्रतिमेकडे वेगळ्या, थकलेल्या डोळ्यांनी पाहिले. 'मिस्टिक रिव्हर' प्रदर्शित झाला तेव्हा ते ७३ वर्षांचे होते, आणि इथे त्यांनी स्वतः भूमिका न करता सूडाच्या न्यायावरचे आपले म्हणणे अगदी स्पष्टपणे मांडले आहे: बापाचे दुःख खरे आहे, त्याचा राग समजण्याजोगा आहे, त्याचा आत्मविश्वास पूर्ण आहे, आणि तो साफ चुकलेला आहे. या चारांपैकी एकही गोष्ट चित्रपट सौम्य करत नाही.

सकाळी शॉन जिमीला रस्त्यावर दारूच्या नशेत बसलेला गाठतो आणि खुनी सापडल्याचे सांगतो. जिमीचा चेहरा त्या वेळी पाहवत नाही. थोडे आधी पकडले असतेस तर, एवढेच तो म्हणतो आणि शॉनला सगळे उमगते. डेव्हला शेवटचे कधी पाहिलेस, या त्याच्या प्रश्नावर जिमी २५ वर्षांपूर्वीच्या त्या गाडीचे नाव घेतो. मग सेलेस्ट बॉइललाही दरमहा ५०० डॉलर पाठवणार का, असे शॉन विचारतो. आणि तोच हेही बोलून जातो की आपण तिघेही त्या गाडीत बसलो होतो, आपण अजून तळघरात कोंडलेली पोरेच आहोत आणि सुटलो असतो तर आयुष्य कसे झाले असते याची स्वप्ने पाहतो आहोत, असे कधीकधी वाटते. हे बोल सुंदर आहेत, पुष्कळांना ते चित्रपटाचे सार वाटतात. मला त्यांच्यापाशी थांबावेसे वाटत नाही. तिघे त्या गाडीत बसले नव्हते. एकच बसला होता. ते दुःख तिघांत वाटून घेतले की एकाचे दुःख किती मोठे होते हे नजरेआड होते, आणि ज्याचे ते होते तो त्या क्षणी नदीच्या तळाशी आहे.

लॉरा लिनीने साकारलेल्या अॅनाबेथचे शेवटचे भाषणही मला याच कारणाने हादरवते. जिमी बायकोपुढे आपला अपराध कबूल करतो. पाठीवर भला मोठा क्रूस गोंदवलेला हा उघडाबोडका माणूस खिडकीशी उभा आहे आणि ती त्याला मागून कवेत घेते. सेलेस्टने तिला आधीच सगळे सांगितलेले असते, तरी नवऱ्याला थांबवण्यासाठी तिने फोन केला नव्हता. तुमचे बाबा राजा आहेत आणि राजाला जे करायचे असते ते तो करतो, असे आपण मुलींना सांगितल्याचे ती म्हणते. इतर सगळे दुबळे आहेत, आपण नाही. मुलींना झोपवताना सांगायच्या गोष्टीच्या सुरात एक खून कर्तबगारी म्हणून घरात ठेवून घेतला जातो. अपहरण करणाऱ्याच्या बोटातला क्रूस आणि जिमीच्या पाठीवरचा क्रूस यांची जोड दिग्दर्शक बोलून दाखवत नाही. ती प्रेक्षकाने लावायची आहे. या भाषणाची पूर्वतयारी मात्र चित्रपटात पुरेशी झालेली नाही, हे मान्य करावे लागेल. तोवर अॅनाबेथ पार्श्वभूमीला आहे, आणि एकाएकी तिच्या तोंडी एवढे मोठे बोल येतात. शॉनच्या बायकोच्या ओठांचा धागाही मला कच्चा वाटतो. तो कल्पना म्हणून सुचला असावा, माणूस म्हणून नाही. केटीचा खून आणि डेव्हने केलेला खून एकाच रात्री घडावेत, पिस्तूल नेमके 'जस्ट रे'चे निघावे, हे योगायोगही जरा जास्त होतात. ईस्टवुड यांनी स्वतः रचलेले आणि बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवलेले संगीत सुरुवातीला मोजके आणि हळुवार आहे, पण काही ठिकाणी ते भरून येते आणि जे पात्रांच्या चेहऱ्यांवर दिसतच आहे ते पुन्हा सांगते.

पुरस्कारांचे म्हणाल तर २००४ सालच्या ऑस्कर सोहळ्यात पेनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि रॉबिन्सला साहाय्यक अभिनेत्याचा मान मिळाला. १९५९ सालच्या 'बेन हर'नंतर हे दोन्ही पुरस्कार एकाच चित्रपटाला पहिल्यांदाच मिळत होते. त्या दोघांइतकाच मला केव्हिन बेकनचा शॉन महत्त्वाचा वाटतो. १९९६ सालच्या 'स्लीपर्स'मध्ये, तीही बालमित्रांची आणि लहानपणच्या अत्याचाराचीच कथा, बेकनने सुधारगृहातल्या अत्याचारी पहारेकऱ्याची भूमिका केली होती. इथे तो कायद्याच्या बाजूला उभा आहे, आणि त्याचे हे उभे राहणे मला दरवेळी अपुरे वाटते.

शेवटी वस्तीत मिरवणूक निघते. रस्त्याच्या एका बाजूला जिमी त्याच्या कुटुंबासह आणि साथीदारांसह, दुसऱ्या बाजूला शॉन, त्याच्याकडे परतलेली बायको आणि तान्ही मुलगी. शॉन जिमीकडे बोटांचे पिस्तूल रोखतो. जिमी हात पसरून खांदे उडवतो. ही धमकी आहे की समजूत, यावर पुष्कळ वाद होतात. शॉन जिमीला एक ना एक दिवस पकडेल, असे मानणाऱ्यांना तो हावभाव आश्वासक वाटतो. मला तसा तो वाटत नाही, कारण मी त्या वेळी सेलेस्टकडे पाहत असतो. गर्दीतून ती एकटी वाट काढत धावते आहे, मिरवणुकीच्या रथावर खाली मान घालून बसलेल्या मायकेलला हाका मारते आहे, तिचा नवरा घरी आलेला नाही आणि तिच्या मनात काय चालले असेल ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले आहे. अॅनाबेथ तिच्याकडे थंडपणे पाहते. ओळखीची माणसे नजर वळवतात. डेव्हच्या बाबतीत वस्तीने जे केले तेच आता त्याच्या बायकोच्या आणि मुलाच्या बाबतीत सुरू झालेले आहे. शॉन तिच्यापासून काही पावलांवर उभा आहे. तो पोलीस अधिकारी आहे, डेव्हचा मित्र होता, आणि डेव्ह परत येणार नाही हे त्याला कळलेले आहे. जिमीविरुद्ध पुरावा मिळेल तेव्हा मिळेल. तिच्याजवळ जाऊन ते सांगणे आणि त्या मुलाशेजारी बसणे, हे त्या सकाळचे त्याचे पहिले काम होते.